धनी साताऱ्याला, कारभार पुण्यात

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्याचे धनी साताऱ्याला होते, राज्य मात्र पुण्यातून चालत होते. १७४९मध्ये छत्रपती शाहू महाराज वारले आणि पुढच्या वर्षी सांगोल्याच्या करारानंतर सगळी सूत्रे पेशव्यांकडे गेली. मोहिमा, तह, वसुली, नेमणुका पेशवेच करत. पद मात्र मुख्य प्रधानाचेच राहिले. पेशवे सवाई माधवरावांच्या शिक्क्यातही ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ हे शब्द आधी येत, ‘माधवराव नारायण मुख्य प्रधान’ नंतर. साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आल्याखेरीज कुणी रीतसर पेशवा ठरत नसे. त्याच काळात जपानमध्ये एदोचा शोगुन राज्य करी. त्यालाही नेमणूक क्योतोच्या सम्राटाकडूनच घ्यावी लागे.

१७७३मध्ये पेशवे नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांचे काका राघोबादादा यांनी वस्त्रे मिळवली. पण एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर नारायणरावांना मुलगा झाला, तेच सवाई माधवराव, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावे वस्त्रे आली. सखारामबापू, नाना फडणवीस आदी बारभाई त्याच्या नावाने कारभार पाहू लागले. छत्रपतींच्या नावाने पेशवा आणि पेशव्याच्या नावाने कारभारी, अशी दुहेरी उतरंड झाली.

पेशवेपद परत मिळवण्यासाठी ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. अडीच हजार फौजेच्या बदल्यात दरमहा दीड लाख रुपये, शिवाय साष्टी, वसई आणि सुरत-भडोचच्या महसुलातला वाटा द्यायचे ठरले. पुण्याच्या लेखी दादांना हे देण्याचा अधिकारच उरला नव्हता. समोरच्या बाजूची गतही फार वेगळी नव्हती. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार मुंबईकर इंग्रजांनी अशा तहाला कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची संमती घ्यायला हवी होती. ती त्यांनी घेतली नाही. खुद्द सुरतेचा किल्लाही ईस्ट इंडिया कंपनीने १७५९मध्ये घेतला होता तो मोगल बादशहाची किल्लेदार म्हणून, आणि शहराचा कारभार नवाबाच्या नावाने चाले.

कलकत्त्याने तह नामंजूर केला आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. तरी लढाई पुन्हा पेटली. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी सवाई माधवरावांनाच पेशवा मानले; साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

पुढे नावाची सत्ता कंपनीने सोयीप्रमाणे ठेवली किंवा मोडली. १८००मध्ये सुरतेचा कारभार घेतला, पण नवाबाचा किताब चालू दिला. १८१८मध्ये पेशवाई बुडवून साताऱ्याची गादी राखली. १८४८मध्ये तीही खालसा केली.