मुंबईची सरकती वेस

मुंबईची जुनी वेस कुठे होती हे पाहायला नकाशा लागत नाही, रिक्षा पुरते. चेंबूर-कुर्ल्याकडून येणारी रिक्षा सायनला थांबते, वांद्र्याकडून येणारी माहीमच्या अलीकडे. पुढे टॅक्सी. महापालिका एकच, नगरसेवकांचे सभागृह एकच, पण बेटावर रिक्षाला आजही मज्जाव आहे.

या रेषेमागे इतिहास आहे. सायन-माहीमच्या पलीकडचे साष्टी बेट १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो १७७४ च्या अखेरीस, आणि सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टीवर त्यांचा ताबा पक्का झाला. तोवर मधली खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती. पुढे तिच्यावर बांध पडले. त्यांपैकी माहीमचा बांध १८४५ मध्ये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कर घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे, आणि तो होता बेटापुरता. पलीकडे वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी अशा स्वतंत्र नगरपालिका होत्या. १९५० मध्ये ही उपनगरे महापालिकेत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची ‘विस्तारित उपनगरे’ आली आणि हद्द तिथेच गोठली. त्यानंतरची मुंबई हद्दीबाहेर वाढली. बेटाची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२ लाख ८५ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. उपनगर जिल्ह्यात तेव्हा ९३ लाखांहून अधिक माणसे होती आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाख. गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि परळ-लालबागची कुटुंबे आधी डोंबिवलीला, मग नालासोपारा-बदलापूरला गेली. नोकऱ्यांचा मोठा भाग मात्र मुंबईतच राहिला.

आज मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत: मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय अंबरनाथ-बदलापूरसारख्या नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर, तर शेजारच्या ठाण्याचे ६ हजार कोटींच्या आत. डोंबिवलीचा कारकून दिवसाचे दहा-अकरा तास मुंबईत घालवतो. त्याच्या श्रमाने जे कार्यालय चालते त्याचा मालमत्ता कर मुंबईला मिळतो. त्याच्या घरापुढचा रस्ता, गटार, दवाखाना यांचा भार कल्याण-डोंबिवलीवर. तो मत देतो जिथे झोपतो तिथे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करमाफी मिळाली, तीही मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की तेवढ्याच घराला ती लागू नाही.

नाक्यांचीही एक कथा आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर जकात होती. टोल वेगळा. उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच नाक्यांवर तो घेतला जाई. मोटारींसारख्या हलक्या वाहनांना त्यातून सूट मिळाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. आवाबाईंना जे १८४५ मध्ये कळले होते, ते कळायला सरकारला इतकी वर्षे लागली!

पाण्याचे गणित याहून कठोर आहे. मुंबईच्या हद्दीतली विहार आणि तुळशी ही तळी आता नावापुरती. शहर पिते ते तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा यांचे पाणी. यांतली बहुतेक धरणे शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांत आहेत, आणि एकट्या भातसावर मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागते. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. जलवाहिन्या ज्यांच्या शिवारातून जातात, त्यांना मुंबईच्या अंदाजपत्रकात स्थान नाही.

इथवर वाचून ‘मुंबई लुटते, उपनगरे सोसतात’ असा निष्कर्ष निघेल. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. ज्याला आत घेतले जाते, तो लगेच पुढच्याला बाहेर ठेवतो. ठाण्याने मुंबईच्या तोऱ्याबद्दल कायम तक्रार केली, पण ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला तो दिव्यात, म्हणजे आपल्याच महापालिकेच्या गरीब टोकाला. विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरणारा माणूस चढला तर काय ऐकावे लागते, हे पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना सांगायला नको. एकाच गर्दीतली ही माणसे स्टेशनागणिक वेस घालतात.

त्या गर्दीची किंमत जीवाने मोजली जाते. दिव्याच्या प्रवाशांनी जानेवारी २०१५ मध्ये रूळ अडवले, दगडफेक झाली, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी जलद लोकल तिथे थांबू लागल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले. ते दूरवरच्या उपनगरांतले होते. रेल्वे केंद्राची, घरे बांधायला परवानगी देणारी महापालिका वेगळी, नोकरी तिसऱ्याच शहरात. हजारो घरांना परवानगी देताना त्यांतली माणसे कोणत्या गाडीत मावतील, हे विचारणे कुणाचेच काम नाही.

ते काम करण्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याने पूल बांधले, मेट्रो आणली, वांद्रे-कुर्ला संकुल उभारले. पण त्याला मतदार नाही. ती उणीव ७४ व्या घटनादुरुस्तीने ओळखली होती: महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य लोकनियुक्त नगरसेवक व पंचायत अध्यक्षांनी आपल्यातून निवडावेत. राज्याने तसा कायदा १९९९ मध्ये केला. पण समितीचा वचक कधी बसला नाही, आणि २०२० ते २०२२ दरम्यान महापालिकांच्या मुदती संपून प्रशासक आले, तेव्हा निवडून देणारे नगरसेवकच उरले नाहीत.

म्हणून एकत्र येण्याचा प्रश्न निघाला की लोक आधी घरपट्टी विचारतात. कल्याणजवळची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत गेली, आंदोलनानंतर २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने रद्द केला. वसईतही २००९ च्या महापालिकेविरुद्ध गावे उभी राहिली. याला कुणी संकुचितपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. कर शहराचा आणि नळाला पाणी गावाएवढे, हा हिशेब गावकऱ्यांनी करून पाहिला होता.