माध्यमांचा जोडविषय

बारावीचा निकाल लागला, की घराघरांत विषयांची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेत दोन शब्दांची भर पडली आहे : मेजर आणि मायनर. मेजर म्हणजे मुख्य विषय, हे सर्वांना कळते. मायनर म्हटले, की पालक जरा थबकतात. त्यातून मुलीने 'मी मायनरला संज्ञापन आणि माध्यमे घेते' असे सांगितले, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एवढ्याशा शिक्षणावर तू पत्रकार होणार का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. पण म्हणून हा विषय घेऊ नये, असे मात्र नाही.

आधी हे मायनर प्रकरण समजून घेऊ. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत 2023 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024 पासून नवी रचना टप्प्याटप्प्याने आली. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची आहे. त्यांतले किमान 60 मुख्य विषयाचे आणि 24 मायनरचे. वर्गात शिकवायच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे सत्रात 15 तास. 24 श्रेयांकांचे 360 तास झाले. विद्यापीठागणिक या आकड्यांत थोडाफार फरक पडतो, पण अंदाज येण्यास एवढे पुरे.

मी मायनरला जोडविषय म्हणतो, जोडधंदा म्हणतात तसा. शेतकऱ्याने दारात दोन म्हशी बांधल्या, म्हणून तो शेतकरी राहत नाही असे थोडेच आहे? दुधाचे चार पैसे हाती खेळतात आणि शेताला शेणखत मिळते. जोडविषयाचेही खत मुख्य विषयाला मिळाले पाहिजे.

आपल्याकडे पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले ते पत्रकार घडवण्यासाठी. लाहोरला पंजाब विद्यापीठात 1941 साली त्याचा विभाग निघाला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये 1964 साली आणि दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत 1965 साली हे शिक्षण सुरू झाले. ज्याला पत्रकारच व्हायचे आहे, त्याने अशा पूर्ण अभ्यासक्रमाकडे जावे, हे आजही खरे आहे. जोडविषय आहे तो दुसरेच काही होऊ पाहणाऱ्यांसाठी.

आणि ही परंपरा मराठीला नवी नाही. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे गणित, व्याकरण, भूगोल यांची पुस्तके लिहिणारे विद्वान होते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू झाले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. मुख्य विषय त्यांच्यापाशी होताच. तो लोकांपर्यंत नेण्याचे साधन त्यांनी कमावले.

मग या 360 तासांत शिकायचे काय? पहिला धडा पाच प्रश्नांचा. हॅरोल्ड लासवेल या अमेरिकी अभ्यासकाने 1948 साली ते मांडले. कोण सांगतो आहे, काय सांगतो आहे, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय? प्रश्न इतके साधे, की यात शिकण्यासारखे काय, असे वाटावे. पण ते विचारले गेले नाहीत, तर काय होते, ते आपल्या राज्याने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव पोचली होती. कोण सांगतो आहे, या पहिल्याच प्रश्नाला त्या निरोपांत उत्तर नव्हते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर पाच प्रेते हे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राने पायबंद घातला. माणसाचा पायबंद मात्र शिक्षणानेच यायचा. जमावातला प्रत्येक जण महाविद्यालयात जाणार नाही, हे खरे. पण आज गावोगावची मुले-मुली महाविद्यालयात जातात, आणि 'हे बघ रे, काय आलंय?' म्हणून मोठी माणसे फोन त्यांच्याच हाती देतात. त्या क्षणी त्यांना काय विचारायचे ते ठाऊक हवे.

दुसरा धडा असा, की सांगितले म्हणजे पोचले असे नाही. याचा एक जुना दाखला आपल्या आकाशवाणीचाच आहे. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोता-मंडळे उभारली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या, अशी पद्धत होती. पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास केला. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ होता, पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे फरक पडला तो ऐकल्यावर झालेल्या बोलण्याने. उद्याच्या कृषी पदवीधराला, परिचारिकेला, शिक्षकाला यापेक्षा उपयोगाचा धडा कोणता?

तिसरा धडा माध्यमागणिक भाषा बदलण्याचा. मी कवितेचा माणूस. घरी दखनी बोलतो, लिहितो मराठीत. मुशायऱ्यात ओळ दोनदा म्हणण्याची रीत आहे, कारण कानावरून ती निसटते. तीच ओळ कागदावर दोनदा छापली, तर वाचक मुद्रितशोधकाला दोष देईल. रेडिओवर समोर चेहरा नसतो, म्हणून वाक्य लहान ठेवावे लागते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विहिरीचे पाणी पिण्याजोगे का नाही, हे ग्रामसभेत सांगायचे असेल, तर प्रयोगशाळेतला अहवाल वाचून भागणार नाही. ही कला अंगभूत असते असे आपण मानतो. ती बरीचशी शिकता येते.

चौथा धडा कायद्याचा. राज्यघटनेचे कलम 19 बोलण्याचे स्वातंत्र्य देते आणि त्याच्या वाजवी मर्यादाही सांगते. बदनामी कशाला म्हणतात, हे समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे. माहितीचा अधिकार 2005 साली आला. त्याखाली अर्ज केला, की साधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. असा एक अर्ज स्वतः लिहून पाहणे, हे दहा व्याख्यानांच्या तोडीचे प्रात्यक्षिक आहे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. फलकावर माध्यमांचे नाव आहे, म्हणून प्रवेश घेऊ नका. आधी अभ्यासक्रम मागून वाचा. सत्रात विद्यार्थी स्वतः किती वेळा लिहितो आणि ते तपासून कोण देते, हे विचारा. प्रात्यक्षिकांना तास किती आहेत? मराठीत बातमी लिहायला, मुलाखत घ्यायला शिकवतात का? नुसता कॅमेरा हाताळायला आणि चित्रफिती जोडायला शिकवत असतील, तर ते कौशल्य चांगलेच आहे, पण वर सांगितलेले चार धडे त्यात येतीलच असे नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात तुमची मुलगी घरी येऊन तुमच्या फोनवरचा निरोप वाचू लागली आणि 'बाबा, हे कुणी सांगितलं?' असे विचारू लागली, तर तिला उद्धट म्हणू नका. फी वसूल होऊ लागली, असे समजा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)