गाईचा माज आणि गळ्यातला पट्टा

माणचा पाऊस बेभरवशाचा. घरखर्चाला ताजा पैसा येतो तो दुधाचाच. संकरित गाईचा माज एकदा हुकला की पुढचे २१ दिवस वैरण विकत आणून घालायची. माज टिकतो साधारण १२ ते १८ तास, तोही पुष्कळदा रात्रीचा. उन्हाळ्यात मुका माज जास्त. गाय ओरडत नाही, अन् आपण झोपलेले!

यावर गळ्यात बांधायचा पट्टा निघाला आहे. (इस्रायलातल्या आफिकीम या सहकारी वसाहतीने पायाला बांधायचे असले यंत्र १९८० च्या दशकातच काढले.) गाय किती हलली, किती वेळ रवंथ केला, हे तो मोजतो. निरोगी गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते. पण संगणक ताडून पाहतो ते त्याच गाईच्या रोजच्या सवयीशी. हालचाल एकदम वाढली, रवंथ घटला, की मोबाइलवर माजाचा संदेश येतो. पुढे नियम जुनाच: सकाळी माज तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी माज तर सकाळी. हालचाल आणि रवंथ दोन्ही घटले तर मात्र ताप, कासदाह किंवा पोटाची तक्रार असू शकते. नेमका रोग पट्टा सांगत नाही, डॉक्टरांनाच बोलवावे.

दोन-तीन गाईंसाठी हा खर्च करू नये. माजाची तारीख कॅलेंडरवर लिहावी, निजण्यापूर्वी बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारावी. दहा-पंधरा गाईंचा मुक्त गोठा असेल तर विचार करावा. दावणीला बांधलेली गाय चालणार तरी किती? घेताना वस्तीवर मोबाइलची रेंज आहे का ते पाहावे, आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.