शाळेचा शेवटचा वर्ग रुग्णालयात

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सोसायटीच्या फाटकाशी विशेष मुलांच्या कार्यशाळेचं टेबल लागतं. पणत्या, उटणं, कंदील. आपण चार पणत्या जास्तच घेतो. हीच मुलं डिसेंबरात काय करतात, ते सहसा कुणी विचारत नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने आपल्याकडे मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत दिला आहे. आईवडिलांना धास्ती असते ती एकोणिसाव्या वर्षाची. शाळेची गाडी यायची थांबते आणि शिकलेलं एकेक विसरायला लागतं. अमेरिकेत कायद्याने सोळाव्या वर्षापासून पुढच्या आयुष्याची आखणी करावी लागते. पण आखणीचा कागद फायलीत आणि मुलगा घरात, हे तिथेही घडतच होतं.

1996 साली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात एका परिचारिकेने यातून वाट काढली. एरिन रीली तिथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात तातडीच्या उपचार विभागाच्या प्रमुख होत्या. विभागातलं सामान संपेल तसं जागच्या जागी भरून ठेवणारी माणसं टिकत नव्हती. दुसरीकडे, बौद्धिक अक्षमता असलेली कितीतरी मुलं याच रुग्णालयात उपचार घेत होती. मग तशी माणसं इथे कामाला का नसावीत? त्यांनी ग्रेट ओक्स या व्यवसाय शिक्षणसंस्थेतल्या सूझी रुटकॉव्स्की यांना गाठलं. त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ उभा राहिला. पुढे तो ब्रिटनसह अनेक देशांत गेला.

कल्पना सरळ आहे. शाळेचं शेवटचं वर्ष शाळेत काढायचंच नाही. दहा-बारा मुलं रोज सकाळी रुग्णालयात येतात, तिथल्याच एका खोलीत तासभर शिकतात आणि मग आपापल्या विभागात जातात. वर्षभरात साधारण दहा-दहा आठवड्यांच्या तीन पाळ्या होतात. कुणी अवजारं निर्जंतुक करून ट्रे लावतं, कुणी औषधोपचाराचं साहित्य मोजून भरतं. हे काम किचकट असतं, पण त्याचा क्रम ठरलेला असतो. अशा कामाचा आपल्याला कंटाळा येतो. यातल्या अनेकांना तो क्रमच आधार वाटतो.

मला मात्र या योजनेतला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाचा पगार शाळा देते. शेजारी उभं राहून काम शिकवणाऱ्या जॉब कोचचा खर्च सरकारचं व्यवसाय पुनर्वसन खातं उचलतं. रुग्णालय जागा, काम आणि देखरेख करणारी माणसं देतं. नोकरी लागल्यानंतर वर्षानुवर्षं विचारपूस ठेवायची जबाबदारी अपंगांसाठीच्या स्थानिक यंत्रणेची. या सगळ्यांच्या बैठकीत पालकही बसतात. कोण कुठे हात सोडणार आणि तो कोण धरणार, हे आधीच ठरलेलं असतं.

व्हर्जिनियात 18 ते 21 वयाच्या स्वमग्न तरुणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. कुणाला प्रोजेक्ट सर्चच्या पद्धतीने शिकवायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्या तसं ठरवलं होतं. शिकवलेल्या 24 जणांपैकी 21 जणांना नोकरी लागली. नेहमीच्या शाळेत राहिलेल्या 16 पैकी फक्त एकाला. चाचणी लहान आहे, मान्य. तरी 21 आणि एक!

आपल्याकडे पैशांच्या थैल्या नाहीत असं नाही. शाळांना अनुदान आहे, महाराष्ट्रात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, कंपन्यांचा सीएसआर निधी आहे. पण एकाच मुलासाठी या थैल्यांची तोंडं एकत्र सुटताना फारशी दिसत नाहीत. देणगीदाराला शिलाई यंत्र देणं सोपं जातं, त्यावर नाव लिहिता येतं. जॉब कोचच्या पगारावर कसं लिहिणार?

आणि हा कोच तरी काय करतो? आधी शेजारी उभा राहतो, मग दोन पावलं मागे, मग दाराबाहेर. कामाची चित्रं काढून भिंतीला लावतो. बसचा प्रवासही शिकवावा लागतो: पहिले काही दिवस शेजारच्या सीटवर, नंतर मागच्या. मग एके दिवशी तो मुलाच्या आधी पोचून कामाच्या ठिकाणच्या थांब्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या बसमधून कोण उतरतंय ते बघतो.