आडनाव इराणी, पत्ता डहाणू

मुंबईच्या कॉलेजातला पहिला दिवस. हजेरी घेताना सर ‘इराणी’पाशी थांबले. “कुठली गं तू?” माझी मैत्रीण म्हणाली, “डहाणूची, सर.” “ते ठीक, पण मूळची?” “मूळचीपण डहाणूचीच!” अख्खा वर्ग हसला. गंमत म्हणजे ती घरी गुजराती बोलते, आमच्याशी मराठी आणि चिकूवाडीतल्या मावश्यांशी झकास वारली. इराण तिनं फक्त नकाशात पाहिलंय.

मग हे आडनाव आलं कुठून? पारशी आपल्याकडे आधी आले, तेही अगदी शेजारी, तलासरीच्या हद्दीपलीकडच्या संजाणला. त्यांचा पवित्र अग्नी काही वर्षं बोर्डीजवळच्या बहारोटच्या गुहेत लपवला होता, असं परंपरा सांगते. त्यानंतर हजारेक वर्षांनी, म्हणजे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, गरिबी आणि छळाला कंटाळून याझ्द आणि केरमानकडून त्याच धर्माचे आणखी लोक आले. इराणमध्ये आडनावाची सक्ती झाली ती १९२० च्या दशकात. त्यामुळे आधी आलेल्या बहुतेकांना आपल्यासारखं आडनावच नव्हतं. जुन्या पारशांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून ते झाले ‘इराणी’. एकमेकांशी काडीचं नातं नसलेली कितीतरी घरं अशी एका आडनावाखाली आली.

म्हणूनच ही यादी इतकी भन्नाट आहे. पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. दोनच वर्षांनी पहिला फारसी बोलपटही त्यांच्याच मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाला. मेरवान शेरियार इराणी हे पुण्याचेच. जग त्यांना मेहेरबाबा म्हणून ओळखतं. जमशेद इराणींनी टाटा स्टील सांभाळली. रॉनी इराणी इंग्लंडकडून कसोटी खेळला. आपला इराणी करंडक मात्र क्रिकेट बोर्डाचे पदाधिकारी झेड. आर. इराणी यांच्या नावाचा. बोमन आणि अरुणा तर घरोघरी माहीत आहेत. स्मृती इराणींना हे आडनाव लग्नानं मिळालं, तर हनी इराणींची मुलं, फरहान आणि झोया, अख्तर झाली.

आमच्याकडे इराणी म्हटलं की आधी आठवतो चिकू. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरं नाव नर्गिस इराणी यांचं. औष्णिक वीज प्रकल्पाच्या प्रदूषणाविरुद्ध त्या वर्षानुवर्षं लढल्या. १९९१ मध्ये केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून त्यासाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं.

पण हेच आडनाव तलासरीच्या पाड्यावर वेगळं ऐकू येतं. डहाणू लोकलमधला आमचा वारली मित्र म्हणतो, “आमच्या घरात इराणी म्हणजे शेठ.” इथल्या जमीनदारांत मारवाडी, ब्राह्मण, मुसलमान होते, तसे पारशी-इराणीही होते. २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही, असं ठरलं. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी गेले. चिकूच्या गोष्टीत हे पान सहसा कुणी उघडत नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. मैत्रिणीनं नाव सांगितलं. आजी तिच्याकडे बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला. मग आजीनं विचारलं, “इराणी ते खरं, पण कुणाच्या वाडीतली?”

मैत्रीण आजीशेजारी जमिनीवर बसली आणि वारलीतच आपल्या पणजोबांपासून सांगू लागली. सरांना जे विचारायचं होतं, ते आजीनं नीट विचारलं होतं. नुसत्या आडनावावरून माणूस कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.