भूक म्हणजे हावरटपणा नव्हे

"सारखं काय खा-खा?" असं आपण वस्तीत लेकरांना सहज दटावतो. पण भूक हा शरीराचा निरोप आहे. पोट रिकामं झालं की जठर घ्रेलिन नावाचं छोटं प्रथिन रक्तात सोडतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ साली शोधलं. त्यात २८ अमिनो आम्लं असतात. तिसऱ्या आम्लावर मेदाम्लाचा, म्हणजे चरबीचा, बारीक तुकडा चिकटला तरच मेंदूतल्या पेशी भुकेचा निरोप ऐकतात. हा तुकडा चिकटवणारं विकर २००८ मध्ये सापडलं. जेवल्यावर घ्रेलिन उतरतं. म्हणून बंधू-भगिनींनो, भुकेल्या लेकरावर आपण रागावू नये. त्याला वेळेवर जेवू घालावं.