प्रवाळ ओळखा, पण रंगावरून नाही

खाऱ्या पाण्याच्या टाकीत निळ्या दिव्याखाली चमकणारे दगडी प्रवाळ मोबाइलवर पाहिले, की आपल्याही घरी तशी टाकी असावी असं रायपूरच्या माणसालाही वाटतं. पण आधी कायदा समजून घ्या. 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. समुद्रातून प्रवाळ काढणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा. शोभेसाठी टाकीत ठेवलेला पांढरा, मेलेला तुकडासुद्धा यातून सुटत नाही.

म्हणून ओळख शिकायची ती समुद्रातच, आणि मराठी माणसाला त्यासाठी मालवणसारखी जागा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं आणि जलपर्यटन बंद असतं, तेव्हा थंडीतच जा.

पाण्यात डोकं घातलं की पहिली नजर रंगावर जाते, आणि तिथेच फसगत होते. प्रवाळाचा तपकिरी रंग त्याच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हिरवी-जांभळी झळाळी बहुधा प्राण्याच्या स्वतःच्या प्रथिनांची. उजेड बदलला की दोन्हींचं प्रमाण बदलतं. एकच जात एका खडकावर हिरवी, तर दुसऱ्यावर तपकिरी दिसते. पाणी फार तापलं तर शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो.

ओळखीची खरी खूण वाटीत असते. प्रत्येक इवला जीव चुनखडीची वाटी बांधून तिच्यात बसतो. फॅविटिस या वंशात शेजारच्या दोन वाट्यांची भिंत एकच असते, चाळीतल्या खोल्यांसारखी. दिप्सास्ट्रियात प्रत्येक वाटीची भिंत वेगळी आणि दोन भिंतींमध्ये खाच असते. ही खाच दिसली की निम्मं काम झालं. पोरायटिसच्या वाट्या जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून लांबून तो गुळगुळीत धोंडाच वाटतो. हे धोंडे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मीटरभर उंचीचा धोंडा शंभरेक वर्षांचा. टर्बिनेरियाच्या पातळ पत्र्यावर वाट्या नळीसारख्या वर उठलेल्या असतात.

गोनिओपोरा मला सगळ्यांत मोहक वाटतो. त्याचे लांब देठाचे जीव दिवसाही फुलासारखे उघडे असतात. त्यांची स्पर्शके मोजा: 24 भरली तर गोनिओपोरा, 12 भरली तर त्याच्यासारखाच दिसणारा अल्व्हिओपोरा.

फोटो दोन घ्या, एक अख्ख्या वसाहतीचा आणि एक वाट्यांचा अगदी जवळून. मापासाठी शेजारी बोट धरा, पण टेकवू नका. फोटोवरून वंश बहुधा कळतो. जात ठरवायला तज्ज्ञांनाही अनेकदा सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

रायपूरच्या जमिनीखालचा चुनखडक, ज्यावर इथले सिमेंट कारखाने चालतात, तोही समुद्रातलाच. पण त्यात दगडी प्रवाळ शोधू नका. तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले वर्तुळाकार थर सूक्ष्मजीवांनी रचलेले आहेत. आजच्या दगडी प्रवाळांचे पूर्वज सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचे.

मालवणला प्रवाळावर पाय देऊन उभे राहू नका, आणि कुणी तुकडा विकायला आणला तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.